चार्ज

या, बसा धानके. पंखा तीनवरच ठेवा,
पाचवर नेला की खालच्या आळीचा फ्यूज जातो
असं शिपाई म्हणतो.
सहा वर्षांत मी पडताळून पाहिलं नाही.

यादी टाइप केलीय.
किल्ल्या चार, गोल शिक्का एक, डोंगल एक.
सरपंचबाईंचं डोंगल वेगळं, ते त्यांच्याच पर्समध्ये राहू द्या,
"कपाटात असलेलं बरं" असं कुणी कितीही म्हटलं तरी.
कीर्द, नमुना आठ, नमुना नऊ, जन्म-मृत्यू,
इतिवृत्ताच्या वह्या अकरा, त्यातली सातवी भिजलेली.
सही इथे. आणि इथे.

आता यादीत नाही ते.

टाकीचा व्हॉल्व उलटा बसलाय,
बंद करायचा तर डावीकडे.
बारक्या हिलमला ते हाताने कळतं, कागदावर दिलं की गोंधळतो.
त्याचं मानधन मार्चपासून थकलंय,
तरी पहाटे चारला तो टाकीवर असतो.
ज्या दिवशी नसेल, तुमचा फोन पावणेपाचला वाजेल.

ठकी मेंगाळ घरपट्टी नाण्यांत आणेल.
तिच्यासमोर मोजायची.
रुपया कमी निघाला तर आपल्या खिशातला घालायचा नाही,
ती पाड्यावर परत जाऊन आणते.
मी एकदा घातला.
वर्षभर बोलली नाही.

ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही. तहकूब करा.
आठवड्याने तीच माणसं येतात, तेवढीच,
आणि तेव्हा ती नियमाने पुरतात.
सूचक चांगू फर्डे, अनुमोदक जो जागा असेल तो.
स्मशानशेडच्या ठरावावर मात्र दोन तास भांडण झालं,
पत्र्याचा रंग कोणता.
निळा झाला.
हिरव्यासाठी हटून बसलेले दोघेही
पुढे त्या निळ्याखालूनच गेले.

मुंबईचा नळ आपल्या हद्दीतून जातो,
आत माणूस उभा राहील एवढा.
संध्याकाळी पोरं त्यावर बसून पाढे म्हणतात.
कान लावला तर ऐकू येतं.
नमुना आठमध्ये त्याला रकाना नाही.

थांबा, चहा येतोय.

मोजमाप पुस्तिका, पान चौतीस.
कातकरवाडीचं गटार, लांबी दोनशे बारा मीटर.
शाखा अभियंत्याची सही आहे, देयकावर माझी.
एकतीस मार्च, रात्रीचे अकरा,
निधी परत जाणार होता.
तो म्हणाला, मॅडम, पुढच्या वर्षी जोडून घेऊ.
पुढच्या वर्षी ते काम पूर्ण होतं.
पूर्ण झालेल्या कामावर पुन्हा पैसा पडत नाही,
हे मला त्या रात्रीही माहीत होतं.

पाऊस सरल्यावर मी टेप लावला.
एकशे एकोणनव्वद.
बाकीचं काँक्रीट कुणाच्या ओट्याला गेलं
ते आठवडाभरात तुम्हाला कळेल,
तोच तुम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावेल.
जा हवं तर. मटण चांगलं असतं.

टेपचं दुसरं टोक बारक्याने धरलं होतं.
गटार जिथे संपतं तिथे त्याचा उंबरा आहे.
आतल्या चिखलात त्याने विटांवर विटा टाकून वाट केलेली,
वर पोरीची शाळेची चप्पल वाळत.
मी आकडा दोनदा वाचला.
तो एवढंच म्हणाला,
"मॅडम, सोडू का टेप?"

पत्र लिहून ठेवलंय, शहापूरला गटविकास अधिकाऱ्यांना.
दीड पान. पहिलं नाव माझं.
फक्त जावक क्रमांक घातलेला नाही,
सात महिने झाले.

यादीवर चार्जची वेळ दुपारी दोनची आहे.
दोन वाजायला दहा मिनिटं आहेत,
म्हणजे जावक वही अजून माझी.

शिक्का जरा इकडे सरकवा.