दहा किलोंचा काटा

सप्टेंबरात आमच्या एलिव्हेटरपाशी रांग लागते.
आधी भरलेला ट्रक काट्यावर, मग रिकामा.
मधला फरक म्हणजे गहू.
बावीस वर्षं हेच करतेय मी, व्हर्ना होलोवाचुक,
विल्कॉट, सस्कॅचेवान,
खिडकीशी बसून. माझ्या मापात पाप नाही,
अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

आमचा काटा दहा किलोंखाली बोलत नाही.
खिशात दगड घाला, टोपी काढून ठेवा,
तो ढिम्म.
घरचा मात्र काचेचा, पातळ,
शंभर ग्रॅमसुद्धा पोटात ठेवत नाही.

डॉक्टर म्हणाले, चौदा किलो.
गुडघ्यांसाठी. साखरेसाठी.
मग मी उठल्या उठल्या चढायचे,
कॉफीनंतर चढायचे, कॉफी किती भरते ते बघायला
(तीनशे ग्रॅम, बिनदुधाची),
रात्री दिवा न लावता, फोनच्या उजेडात,
चोरासारखी.
न्हाणीच्या एका कोपऱ्यात दोनशे ग्रॅम कमी दाखवतो
हे कळल्यापासून तो कोपरा माझा.
मापात पाप नाही म्हणणारी बाई मी.

चौऱ्याण्णव. त्र्याण्णव पॉइंट सहा. चौऱ्याण्णव पॉइंट चार.
क्षणात तोळा, क्षणात मासा.
आकडा उतरला की रेडिओबरोबर गुणगुणायचे,
चढला की अ‍ॅब फ्रीसनशी भांडायचे
त्याच्या चाकांना लागलेल्या चिखलावरून.

दवाखान्यातली मारिसेल, मनिलाची,
उणे तीसमध्येही मोजे विसरून येणारी,
म्हणाली, आठवड्यातून एकदा. बुधवारी.
त्याच वेळी, त्याच कपड्यांत.
बाकी सहा दिवस काटा पलंगाखाली.
आणि त्या सहा दिवसांत काही झालं तर?
काय होईल, तिनं विचारलं.
मला सांगता येईना.
काल काय जेवलीस?
चर्चमध्ये पेरोगी होते. सॉसेज. आंबवलेली कोबी, दोनदा.
मग ते पाणी आहे, व्हर्ना. मीठ पाणी धरून ठेवतं.

पाणी! आणि हे मला सांगतेय.
मी दिवसाला चाळीस वेळा मूठ मूठ गहू यंत्रात घालते,
ओलावा जास्त निघाला की पैसे कापते.
शेतकरी कळवळून म्हणतो, परवाचा पाऊस आहे हा,
आणि मी म्हणते, माहीत आहे मला.
बावीस वर्षांत स्वतःला एकदाही
असं म्हटलं नव्हतं.

माझा दीर ओरेस्ट रोज चढतो,
वहीत आलेख काढतो, टोस्ट खातो, कामाला जातो.
त्याला तो आकडा म्हणजे आजचं हवामान.
मला निकाल.

जमलं असं नाही लगेच.
तिसऱ्या आठवड्यात सोमवारीच गुडघे टेकले पलंगापाशी
(तेच गुडघे),
हात आत घातला, हाताला सपाता लागल्या,
धूळ लागली, हरवलेलं कर्णभूषण लागलं.
तेवढ्यावर उठले.
एका बुधवारी नऊशे ग्रॅम वाढलेही.
लिहिले. त्या दिवशी फ्रीसनशी भांडले नाही,
त्यालाच चुकल्यासारखं झालं.

परवाच्या बुधवारी काच म्हणाली, शहाऐंशी.
आज रात्री शेवटचा ट्रक गेल्यावर
मी बाहेर येऊन मोठ्या काट्याच्या मधोमध उभी राहिले.
भिंतीवर लाल आकडा: नव्वद.
गेल्या हंगामातही अशीच उभी राहिले होते,
तेव्हाही नव्वदच.
मधल्या आठ किलोंचं ह्याच्या गावीही नाही.

तेवढ्यात एलिव्हेटरमागून फ्रीसनचा कुत्रा आला,
मातीत लोळलेला, खुशीत,
आणि माझ्या पायाशी बसला.
एकशे वीस.

म्हणजे हा येताना ट्रकमध्ये होता, जाताना नव्हता.
तीस किलो कुत्रा मी गव्हाच्या भावाने घेतला.
उद्या सकाळी पहिलं काम,
पावती दुरुस्त करायची.