अंधाराचं ऐकणाऱ्या पेशी

नोव्हेंबरात नार्पेसला
सूर्य दुपारी तीनलाच आवरतं घेतो.
मग काचघरांचे दिवे लागतात,
बर्फावर कोसभर नारिंगी उजेड,
टोमॅटोंना कोणी झोपू देत नाही.

गुनवोर तिथंच राबते, एकोणतीस वर्षं.
आज बाही वर करून माझ्यासमोर,
उपाशीपोटी ग्लुकोजचा गोडमिट्ट पेला रिचवून.
दर अर्ध्या तासानं मी रक्त काढते.
तिच्या आईचंही काढलं होतं, याच खुर्चीत.
मामा टोर-एरिकचं, त्याचा पाय जायच्या आधी.

"अंधार पडला की एक संप्रेरक पाझरतं," मी सांगते,
"अंगभर निरोप फिरतो, निजा आता.
स्वादुपिंडातल्या पेशीही ऐकतात,
इन्सुलिन सोडताना हात आखडता घेतात.
तुमच्याकडे त्या जरा जास्तच ऐकतात.
जनुकात एका अक्षराचा फरक."

ती खो खो हसते.
"आमच्या घराण्यात आजवर
कुणी कुणाचं ऐकल्याचं आठवत नाही."

चौथी नळी भरते. वर नाव नाही, नुसता आकडा.

मग हळूच, नळीकडेच बघत,
"सिग्ने सोळाची झाली.
मध्यरात्री उठून दालचिनीचे पाव खाते.
तिच्या खोलीत दिवा चालू ठेवला तर?
टोमॅटोंसारखा?"

मी कापूस दाबून धरते,
लागतो त्याहून थोडा जास्त वेळ.

बाहेर ती गाडीची काच खरवडतेय.
बर्फ निघतोय पापुद्र्यापापुद्र्यानं,
आत अजून काही दिसत नाही.