तेरावा रंग

तासगावच्या बाहेर, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला लागून
जो वजनकाटा आहे,
त्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर अजून एक्सपीवर चालतो.
काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चढत नाही,
आणि ज्यानं ते लिहिलं
तो कुपवाडचं दुकान मोडून कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही.

भूपाल मगदूमांचा फोन आला :
कुंदाताई, बोर्ड रंगवून झाला, पावतीबुकं नवी आली,
मशिन चालू करताना अजून ते नाव येतंय.
तेवढं काढा.

ते नाव मीच घातलं होतं.
चौदा वर्षांपूर्वी दोघं एका मोटरसायकलवर आले होते,
मागं नेमगोंडा शिरोटे, मांडीवर बेदाण्याचा पुडा.
सगळ्या जगाला तो चार रंगांचा झेंडा दिसतो,
आमचं मशिन आमच्या नावानं उठू दे.
सोळाच रंग मिळतील, मी म्हटलं.
सोळा? शिरोटे हसले, आम्हाला दोन बास,
एक हिरव्या मालाचा, एक पिवळ्या.
मग कुणाचं नाव हिरवं यावर
माझ्या दुकानात दुपारभर भांडले,
आणि पुडा संपवून गेले.

सहाशे चाळीस गुणिले चारशे ऐंशी ठिपके.
चित्रात खरं तर रंग नसतोच,
ठिपक्या-ठिपक्यात नुसता आकडा, शून्य ते पंधरा.
कुठल्या आकड्याला कुठला रंग
ते निराळ्या यादीत.
मशिन उठतं तेव्हा यादी सगळी काळी असते.
चित्र येऊन बसलेलं असतं,
दिसत नसतं.
मग यादी उजळते.
मगदूम, नऊ नंबर, हिरवे.
शिरोटे, तेरा, पिवळे.
मधल्या 'आणि'ला मी पांढरा दिला होता,
उरला होता म्हणून.

दस्तगीर चहा घेऊन आला, मागं उभा राहिला.
पहाटे पाचला, पहिला टेम्पो यायच्या आत,
मी एकटाच बघतो हे, तो म्हणाला.
मालक कवा बघत्यात?
आता काय दिसंल मग?

माझ्या हातात खोडरबर होता,
म्हणजे माऊसच्या टोकाला असतो तो, चौकोनी.
ठेवला.
यादी उघडली. तेराच्या पुढचे तीन आकडे
शून्य, शून्य, शून्य.
पिवळा गेला. काळ्यावर काळं.
एक ठिपका हलला नाही,
वेलांटीसुद्धा जागच्या जागी.

मशिन पुन्हा उठवलं.
मगदूम आत आले ते पायताण न काढता.
पडद्यावर
मगदूम आणि
एवढंच.
खालच्या पट्टीत तीन चौकोन पळत होते, पुन्हा पहिल्यापासून पळत होते.
पंख्याचा आवाज.
ते बराच वेळ बघत राहिले,
एक्सपी उठायला लागतो त्याहून जास्त वेळ,
आतली हिरवळीची टेकडी येऊन गेली तरी.

ते 'आणि' पण काढा, म्हणाले.

पांढऱ्याला काळं करता येईना.
पांढऱ्यातच चौकट होती, पळणारे चौकोन होते,
पांढरा विझवला तर काहीच पळालं नसतं.
म्हणून 'आणि' खरोखरच खोडला.
आ. काना. ण. त्याची पहिली वेलांटी नाही, दुसरी नाही,
ऱ्हस्व, ती आधी गेली.

उद्या कधी दोघांचं जमलं
तर शिरोटे मिनिटात परत येतील, तीन आकड्यांचं काम.
'आणि' मात्र नव्यानं लिहावा लागेल.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
दस्तगीरनं कप उचलताना
पडद्याच्या उजव्या अंगाला, जिथं काही नव्हतं,
तिथं अंगठ्यानं धूळ पुसली.

निघताना सवयीनं फाइल तपासली :
एक लाख त्रेपन्न हजार सातशे अठरा बाइट.
सकाळी होती तेवढीच.
बाहेर टेम्पो काट्यावर चढला,
दस्तगीरनं खिडकीतून हात केला,
वजन घ्या.