रकाना

शेफील्डच्या क्लबचा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
कोपऱ्यात चहाचा बंब, बिस्किटांवर झाकलेला कागद,
आणि टेबलावर उघड्यावर
कमरेच्या हाडांचा पांढराफेक नमुना.
शर्वाणी पुढे, मुलींत, कुबड्या खुर्चीखाली.
मी मागे, दाराजवळ,
पार्किंगचं निमित्त तयार ठेवून.

डॉक्टर मॉरवेन केर, कधीकाळी स्वतः आठशे मीटर पळणारी.
तिनं पहिलंच विचारलं:
मुलीची सगळ्यात चांगली वेळ किती पालकांना पाठ आहे?
माझा हात सर्वांआधी वर.
पंधराशे मीटर, चार मिनिटं एकेचाळीस,
लीड्सला, वारा आडवा असताना.
आणि तिची शेवटची पाळी कधी आली, ते?

हात खाली घेताना किती जड होतो.

आमच्या घरी हा शब्द कोणी उच्चारत नसे.
आईला कावळा शिवला, एवढंच कानावर यायचं,
आणि मी अंगणात उभा राहून
नेमका कुठला कावळा ते शोधायचो.
चार दिवस वडील चहा करायचे, फार गोड.
माझं शिक्षण इथे संपलं.
एवढ्या शिदोरीवर मी मुलीला बूट घेतले, घड्याळ घेतलं,
वहीत रकाने आखले:
अंतर, वेळ, नाडी, झोप, वजन.
वजन उतरलं की खाली रेघ मारायचो.
हिरवी.

मग उजव्या नडगीत केसाएवढी चीर.
मला तो स्क्रीनवरचा ओरखडाच वाटला.
नर्सनं शर्वाणीला विचारलं. ती माझ्याकडे बघत होती,
मी भिंतीवरचं पोस्टर वाचू लागलो.
"मार्चपासून नाही," ती इंग्रजीत म्हणाली.
नोव्हेंबर लागला होता.

मॉरवेन सांगत होती, शरीर हिशेबी असतं.
दाणा कमी पडला की आधी पाहुणचार बंद करतं,
मग घराची डागडुजी.
पाहुणचार हा शब्द माझा, ती बजेट म्हणाली होती.
हाडं डागडुजीत येतात.

तेव्हा क्लेग उठला. कोच. एकतीस वर्षं
या चढांवर पोरी पळवतोय. टोपी हातात.
"मी त्यांना सांगायचो, थांबली ना,
म्हणजे तयारी नीट चाललीय."
कोणी हललं नाही. बंब उकळत होता.
"डेनिस होती एक. फार सुंदर पळायची.
आता पंचेचाळिशीत काठी घेऊन चालते."
आणखी काही बोलणार होता. बसला.

गाडीत शर्वाणीनं हीटर लावला.
मी किल्ली फिरवली नाही.
म्हटलं, "पाळी," मराठीतच म्हटलं, आणि पुढे काही सुचेना.
जीभ त्या शब्दाभोवती
नव्या कवळीसारखी चाचपत राहिली.
ती हसली. "बाबा, पोस्टाच्या रांगेत
तुझा नंबर आल्यासारखं काय बोलतोस?"
"आलाच आहे," मी म्हटलं. "उशिरा."

वाटेत चिप्स घेतल्या, व्हिनेगर जास्त झालेल्या.
तिनं अर्ध्या खाल्ल्या, खिडकीबाहेर बघितलं,
मग उरलेल्याही खाल्ल्या.
मी मोजल्या नाहीत. म्हणजे, मोजायचं थांबलो, मध्येच.
वही तिच्या मांडीवर ठेवली.
नवा रकाना आखायचा तर तिनं आखावा,
दाखवायचा का, ते तिनं ठरवावं.
हिरवं पेन अजून माझ्याच खिशात आहे.