वर एक नग

उद्यमबागेतनं सुटलो की मी
दुसऱ्या गेटाजवळ, शिवानंदच्या सलूनात बसतो.
गेट पडलेलं असतं. लोंढ्याकडनं मालगाडी यायची असते.
तेवढ्यात लोकांना
जगातले सगळे सौदे उरकून घ्यायचे असतात.

सात वाजता रेडिओवर खेळाचा कार्यक्रम.
बोला, कुठून बोलताय?
कंग्राळीहून.
आपल्या संघानं कारवारचा तो उंच बॉलर उचलावा बघा,
आणि हुबळीचा ओपनर,
आणि जमलं तर गोव्याचा तो, मैदानाबाहेर बॉल हरवणारा.
बदल्यात? निवेदक हसू दाबतो.
बदल्यात आपला तो डावखुरा, शहापूरचा,
आणि वर सरावाची एक जाळी.
थोडी फाटलीय.

तो डावखुरा, शहापूरचा, म्हणजे मी.
तोंडाला फेस, गळ्याशी वस्तरा,
हरकत घ्यायची सोय नाही.

परशराम उचगावकर विम्याचे हप्ते बाजूला ठेवून सांगतो,
सौदा झालाय. आतली बातमी हाय.
त्याच्या साडूचा भाचा
कमिटीच्या मीटिंगला चहा नेऊन देतो.
शिवानंद म्हणतो, इल्ल, सही व्हायची हाय अजून.
गोव्याचा मालक तिघंही सोडतोय,
फक्त त्याला डावखुरा नको.
फुकट दिला तरी?
फुकट दिला तरी जेवतोय की!

मी आरशात बघतो. फेस हसल्यासारखा दिसतो.
कडोलीला, दिव्यांखाली, चार ओव्हरांत चौदा धावा,
हे कुणी बोलत नाही.
यांच्या सौद्यांत समोरचा मालक कायम खुळा असतो,
त्याच्या घरी रेडिओ नसतो,
त्याला फाटकी जाळी फार आवडते.

कोपऱ्यात अडव्याप्पा, पेपर उलटा पालटा करत.
तो उगीच मध्ये बोलत नाही, पण बोलला.
मी हाफ चड्डीत होतो तेव्हापासून
ह्याच बाकावर लोक देवाणघेवाण करतात बाबांनो.
एवढी गावं तिकडं, तेवढी इकडं,
वर एक डोंगर, एक नदी निम्मी.
रात्री सगळं ठरायचं.
सकाळी उठून बघावं
तर आपण आपले दुसऱ्या गेटातच,
आणि गेट पडलेलं.

कुणी हसलं नाही. मग गाडी आली,
डबे मोजता मोजता सौदा तसाच राहिला,
गेट उघडलं, आणि मालक, कमिटी, निवड समिती
सगळे स्कूटरीला किक मारून गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या भिंतीआड उभं राहून
मी फोन लावला. आवाज जरा घोगरा केला.
बोला, कुठून?
लांबनं, म्हटलं.
तो डावखुरा आम्हाला पायजे. काय घेशीला?
तुम्ही काय देता?
खिशात पास, रुमाल, आणि आल्याच्या वडीचा तुकडा.
म्हटलं, मागाल ते.
पलीकडं क्षणभर काहीच नाही.
मग कुंद्याची जाहिरात लागली.

शनिवारी सलूनात परशराम दारातच उभा.
ऐकलासा? आतली बातमी.
डावखुऱ्याच्या मागं कोण तरी लई मोठा लागलाय.
लांबचा हाय. पैशाला मागं बघत नाही म्हणे.
साडूच्या भाच्यानं सोत्ता ऐकलंय.

मी मान मागं टेकली.
शिवानंदनं पातं बदललं. नवं, कागदातलं.
त्या दिवशी वस्तरा
गळ्यावरनं जरा जपून फिरला,
असं आपलं मला वाटलं.