कोपरा

कुपवाडच्या आमच्या फाउंड्रीत मंगळवारी
एक ब्रॅकेट परत आलं, कोपऱ्यात फुटलेलं.
चलनावर लाल शेरा: माल कच्चा.

माझं काम कापायचं.
पाणी सोडून मधोमध कापलं,
मग एमरी पेपर, खरखरीत, मऊ, त्याहून मऊ,
दर वेळी तुकडा काटकोनात फिरवून
आधीचे ओरखडे जाईस्तोवर.
मग गरम ॲसिड. खोकला. खिडकी.

पोलाद लगेच काही बोलत नाही.
आधी त्याची चकाकी मलूल होते,
मग दिसायला लागतं
कोण कुठून थिजत आलं.

एकाच लाडलमधून मी दोन नमुने घेते,
एक बिडाच्या डायमध्ये, एक वाळूत.
कार्बन दोन्हीकडे तेवढाच.
डायमधला झटक्यात थिजतो,
त्याचे दाणे मोजताना डोळ्यांना पाणी येतं.
वाळू मात्र ऊब धरून बसते,
हरिपूरच्या पेवानं हळद धरावी तशी,
आणि दाणे ऐसपैस वाढतात, कुणी उठवेपर्यंत.

या ब्रॅकेटमध्ये भिंतीपाशी बाजरीच्या कण्या,
आणि त्यातूनच निघालेल्या लांब सरळ रांगा
उसाच्या सरींसारख्या,
आत, जिकडे अजून रस होता तिकडे.
या भिंतीची रांग, त्या भिंतीची रांग,
कोपऱ्यात तिरक्या रेषेवर समोरासमोर.
गंधक, फॉस्फरस, जे कुणालाच नको होतं
ते ढकलत ढकलत त्याच रेषेवर.
तडाही तिथूनच, पट्टी लावून मारल्यासारखा.

नेमगोंडा मगदूम, मोल्डर, एकतीस वर्षं.
तुकडा उजेडात धरला त्यानं, ॲसिडचा वास नाकात घेत.
"तितं मी चिमूटभर वाळू भरून
अंगठा फिरवायचो की ओ.
नवीन साहेब म्हणाला, ड्रॉइंगपरमानं कर.
ड्रॉइंगात अंगठा न्हाई."

रिपोर्टात एक रकाना असतो: जबाबदार व्यक्ती.
तिथं नाव पडलं की पगारातून जातं.
मी दुपारचा चहा गार होऊ दिला.
मग लिहिलं: काटकोन.
साहेबानं दोनदा वाचलं.
"ही व्यक्ती आहे?"
म्हटलं, नमुना टेबलावर आहे, बघून घ्या.
त्यानं पाहिलं. बराच वेळ
भिंग वरखाली केलं नि मग
मला न बघता विचारलं,
"गोलाई किती द्यायची?"

नेमगोंडाला बोलावलं, म्हटलं, हात दाखवा.
वाळूनं काळवंडलेला अंगठा,
नखाशी जुना डाग, भाजल्याचा.
व्हर्नियरचे जबडे दोन्ही बाजूंनी टेकवले.
"गार हाय की," म्हणाला, पण हलवला नाही.
बावीस मिलिमीटर, वर थोडं.
निम्मे करून लिहिले.

नव्या ड्रॉइंगवर आता तिथं आहे: त्रिज्या अकरा.
पार्टीकडून मंजूर होऊन आलं, सही-शिक्क्यानिशी.
अकराच का, कुणी विचारलं नाही.