कांब्यो

मारान्योन नदीच्या या वळणावर
रेडिओवर बोलून झालं की म्हणतात, कांब्यो.
म्हणजे माझं संपलं, आता तू बोल.
बाजारात त्याचाच अर्थ सुट्टे पैसे,
आणि निवडणुकीत पत्र्यावर रंगवतात तेव्हा, बदल.
चाळीस वर्षांत हा शब्द मी
आमेनपेक्षा जास्त वेळा उच्चारला असेन.

मे महिन्यात नदी बंद झाली.
पाणी वाहत होतं, लाँच येईना.
इकितोसहून निरोप: सिलिंडर नाहीत,
आहेत ते सोन्याच्या भावाने.
मिशनच्या दवाखान्यात एकच उरला होता,
काटा शून्यावर टेकलेला.
तरी त्याची नळी आम्ही दोन दिवस
एलेउतेरिओ तामानीच्या नाकाला लावून ठेवली,
बायकोला बरं वाटावं म्हणून.
हे कबूल करायचं कोणाजवळ?
फादर स्वतःच तापात बडबडत होते.

मग रोज पाच वाजता रेडिओवर प्रार्थना सुरू केली.
खरं सांगते, हातात द्यायला दुसरं काही नव्हतं.
एकेका गावाला हाक मारायची.
सान रोके? ऐकतोय, सिस्टर.
पुएर्तो इल्दा? ऐकतोय.
बावीस ऑक्टोबर? (हे गावाचंच नाव.
त्या तारखेला काय झालं, ते आता कोणालाच आठवत नाही.)
ऐकतोय.
मग आजाऱ्यांची नावं, मग गेलेल्यांची.
पेन्सिलीने लिहायचे,
कारण रोज काही नावं
या पानावरून त्या पानावर न्यावी लागत.

एकदा रोजच्या भाकरीशी जीभ अडली.
इथे भाकर कोण खातं?
इथे केळं, युका, नदीतला मासा.
आणि मागायचंच झालं, तर
मी म्हटलं, रोजचा श्वास.
चूक झाली असेल. बापाने दुरुस्त करून घ्यावी.

पुएर्तो इल्दाचा विल्देर मुरायारी मध्येच म्हणाला,
सिस्टर, तुमच्या देवाकडे मोटरबोट आहे का?
कांब्यो.
मी बटण दाबलं.
सोडलं.
खरखर, पोपटांचा थवा, खरखर.

जूनमध्ये ताप माझ्या अंगात आला.
एर्मेलिंदा कनाकिरी मातिकोची पानं उकळायला लागली,
तीच पानं, ज्यांना मी अंधश्रद्धा म्हणत आले.
ती सात वर्षांची असताना
वर्गात कुकामा बोलली म्हणून
मी तिला फळ्यासमोर
मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले होते.
किती वेळ, ते विसरले.
ती विसरली नसणार.

पाच वाजले. मला उठवेना.
पलीकडच्या खोलीत बॅटरी कोणी जोडली, कळलं नाही.
सान रोके? ऐकतोय.
हाक मारणारा आवाज एर्मेलिंदाचा,
शाळेत कधी निघाला नव्हता इतका मोठा.
आजाऱ्यांमध्ये तेराव्या नंबरला मी.
पोलंडमधलं माझं नाव तिच्या तोंडात मावत नाही,
ब्रोनिस्लावाची ब्रोनिचा झाली,
आणि चार गावांनी ती तशीच परत उच्चारली.
बावीस ऑक्टोबरकडून काही आलं नाही.
तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा. मग पुढे गेली.

मग तिने प्रार्थना केली,
त्या भाषेत.
मला तिच्यातले चार शब्द येतात:
पाणी, मासा, आई, ये.
त्यातले दोन ऐकू आले.
बाकीचं सगळं माझ्यासाठीच होतं
आणि मला कळत नव्हतं.
फळ्यासमोर तिलाही असंच होत असेल,
माझ्या स्पॅनिशमधलं माझं स्वर्गाचं राज्य.

दुसऱ्या दिवशी तिने डोक्यावर चादर टाकली,
खाली पातेलं ठेवलं.
अंधारात मी म्हटलं,
एर्मेलिंदा, ते मक्याचे दाणे...
बाहेरून तिने चादरीची कड घट्ट खोचली.
बोलू नका सिस्टर, म्हणाली,
वाफ बाहेर जातेय.